सेव्रचे कप म्हैसूरला आले, कारागिरी मात्र आली नाही

बंगळुरू – फ्रान्समधील सेव्र येथील राजकारखान्यात अठराव्या शतकात घडवलेले चहा-कॉफीचे कप आज जगभरातील संग्रहालयांत आणि लिलावांत मानाचे स्थान मिळवून आहेत. या कारखान्याचा म्हैसूरच्या राज्याशी एकदा थेट संबंध आला होता, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही. सन १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे तीन वकील फ्रान्सच्या राजाच्या भेटीस गेले होते. त्यांनी केलेल्या मागण्यांमध्ये तोफा ओतणाऱ्या कारागिरांबरोबरच पोर्सिलेन घडवणाऱ्या कारागिरांचाही समावेश होता.

राजा सोळावा लुई याने टिपूसाठी सेव्रची भांडी भेट म्हणून पाठवली. भांडी समुद्रमार्गे भारतात पोहोचली. परंतु ज्या विद्येतून ती घडली होती ती विद्या म्हैसूरमध्ये रुजली नाही. असे का झाले, याचे उत्तर काही अंशी युद्ध आणि राजकारण यांत सापडते, तर बऱ्याच अंशी त्या कपाच्या घडणीत.

पाँडिचेरी ते व्हर्साय

बंगळुरूच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे टिपूचे जन्मस्थान. शहराच्या जुन्या भागात, कृष्णराजेंद्र मार्केटपासून जवळच, हैदर अलीने सुरू केलेला आणि १७९१ मध्ये टिपूच्या कारकिर्दीत पूर्ण झालेला सागवानी राजवाडा आजही उभा आहे. राजधानी श्रीरंगपट्टणास असली तरी बंगळुरू हे या राज्याचे महत्त्वाचे लष्करी आणि व्यापारी केंद्र होते.

सन १७८७ मध्ये मराठ्यांशी गजेंद्रगडचा तह होऊन टिपूला काहीशी उसंत मिळाली. इंग्रजांशी पुन्हा संघर्ष होणार, हे त्याला दिसत होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान हे त्याचे तीन वकील पाँडिचेरीहून जहाजाने निघाले. आफ्रिकेला वळसा घालून जून १७८८ मध्ये ते दक्षिण फ्रान्समधील तुलाँ बंदरात उतरले आणि जुलैमध्ये पॅरिसला पोहोचले. १० ऑगस्ट १७८८ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईने दरबार भरवून त्यांची भेट घेतली.

पॅरिसमध्ये या पाहुण्यांविषयी विलक्षण कुतूहल होते. त्यांना पाहण्यासाठी गर्दी लोटत असे. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या नामवंत चित्रकर्त्रीने दरवेश खान यांचे भव्य व्यक्तिचित्र रंगवले. हे चित्र जानेवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

राजकीयदृष्ट्या मात्र वकिलातीच्या पदरी फारसे काही पडले नाही. इंग्लंडशी १७८३ मध्ये झालेला तह मोडण्याची फ्रान्सची तयारी नव्हती आणि तिजोरीत पैसाही नव्हता. दरबारानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १६ ऑगस्ट रोजी, फ्रेंच सरकारला आपली देणी थांबवत असल्याचे जाहीर करावे लागले. लष्करी मदतीच्या जागी उरल्या त्या सदिच्छा आणि भेटवस्तू. अशा भेटींसाठी फ्रेंच राजांकडे एक हुकमी वस्तू होती. ती म्हणजे सेव्रचे पोर्सिलेन.

टिपूला कारागीर कशासाठी हवे होते?

टिपूने मागितलेल्या माणसांची यादी लक्षवेधी आहे. तोफा आणि बंदुका घडवणाऱ्यांच्या जोडीने पोर्सिलेनचे कारागीर, काच बनवणारे, घड्याळे तयार करणारे, कापड विणणारे आणि वैद्य त्याला हवे होते. त्याखेरीज फुलझाडांची बियाणी आणि फळझाडेही मागितली होती.

एखाद्या शौकीन राजाची ही हौस वाटेल. परंतु टिपूच्या एकूण धोरणाशी ही मागणी सुसंगत होती. परदेशी व्यापाऱ्यांकडून माल विकत घेण्यापेक्षा तो आपल्या राज्यात तयार व्हावा, असा त्याचा प्रयत्न असे. रेशीमकिडे बाहेरून आणवून त्याने म्हैसूरमध्ये रेशीम उद्योगास चालना दिली. बंगळुरूचा लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये वसवण्यास प्रारंभ केला होता. टिपूने देशोदेशीची झाडे आणून त्यात भर घातली.

रेशीम रुजले, झाडेही रुजली. कर्नाटक आज देशातील सर्वांत मोठा रेशीम उत्पादक आहे आणि लालबाग बंगळुरूची ओळख बनला आहे. वकिलांसोबत फ्रान्सहून काही कारागीर म्हैसूरला आले. मात्र पोर्सिलेनला रेशमासारखे भाग्य लाभले नाही. बियाणे पेटीत भरून आणता येते. पोर्सिलेनचे ज्ञान कोणत्याही एका पेटीत किंवा एका माणसाच्या डोक्यात मावणारे नव्हते.

युरोपला न उलगडलेले कोडे

आपण सर्रास वापरतो तो 'चिनी माती' हा शब्दच या वस्तूचे मूळ सांगतो. चीनमध्ये पोर्सिलेन शेकडो वर्षे बनत होते. पातळ, पांढरेशुभ्र, उजेडासमोर धरल्यास अर्धपारदर्शक दिसणारे आणि टिचकी मारली असता घंटेसारखे वाजणारे हे भांडे युरोपात पोहोचले तेव्हा ते कशापासून बनते, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यासाठी युरोपीय राजे अमाप पैसा मोजत असत.

खरे पोर्सिलेन दोन खनिजांच्या मिश्रणातून बनते. पहिले केओलिन, म्हणजे अतिशय शुद्ध पांढरी माती. चीनमधील जिंगदेजन या पोर्सिलेन-नगरीजवळच्या काओलिंग नावाच्या टेकडीवरून तिला हे नाव मिळाले. दुसरे फेल्डस्पारयुक्त दगडाचे पीठ. भट्टीचे तापमान सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की हा दगड वितळून काचेसारखा होतो आणि केओलिनच्या कणांना घट्ट बांधून टाकतो. केओलिन स्वतः मात्र वितळत नाही, म्हणून भांड्याचा आकार टिकून राहतो.

युरोपात हे रहस्य सर्वप्रथम जर्मनीत उलगडले आणि १७१० मध्ये माइसन येथे कारखाना सुरू झाला. फ्रान्सकडे माहिती होती, पण माती नव्हती. दांत्रकोल या जेझुइट धर्मगुरूने १७१२ आणि १७२२ मध्ये जिंगदेजनहून पाठवलेल्या पत्रांत चिनी कारागिरांच्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन केले होते. तरीही फ्रान्सला आपल्या भूमीत केओलिन सापडेपर्यंत आणखी जवळपास अर्धशतक थांबावे लागले.

मधल्या काळात फ्रेंचांनी वेगळी वाट काढली. सन १७४० मध्ये पॅरिसजवळच्या व्हँसेन येथे सुरू झालेला आणि १७५६ मध्ये सेव्र येथे हलवलेला कारखाना काचेची भुकटी व मातीचे मिश्रण वापरून एक प्रकारचे 'मृदू पोर्सिलेन' तयार करू लागला. हे मिश्रण चाकावर नीट चढत नसे. भट्टीत ते वाकडे होई आणि मोठ्या संख्येने भांडी वाया जात. पण त्याच्या झिलईत रंग असे काही मुरत, की निळा, गुलाबी, हिरवा हे सेव्रचे रंग युरोपभर प्रसिद्ध झाले. सन १७५९ मध्ये पंधराव्या लुईने कारखाना पूर्णपणे राजाच्या मालकीचा केला.

अखेर १७६८ मध्ये मध्य फ्रान्समधील लिमोज शहराजवळ, सँ-इरिए या गावी, दार्ने नावाच्या शल्यवैद्यामुळे पांढऱ्या मातीचा ठाव लागला. साबणाच्या जागी वापरता येईल म्हणून त्याच्या पत्नीचे त्या मातीकडे लक्ष गेले होते, अशी कथा सांगितली जाते. सेव्रचे रसायनतज्ज्ञ माकेर यांनी ती माती तपासली आणि ते केओलिन असल्याचे स्पष्ट झाले. पुढील काही वर्षांत सेव्रमध्ये खरे, म्हणजे 'कठीण' पोर्सिलेन बनू लागले. लिमोज शहराची पोर्सिलेनसाठीची ख्यातीही याच मातीतून जन्मली.

एक कप, अनेक हात

टिपूच्या वकिलांच्या काळात सेव्रमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेला कप 'गोब्ले लित्रों' या नावाने ओळखला जाई. सरळ उभ्या भिंतींचा, नळकांड्यासारखा हा आकार होता. धान्य मोजण्याच्या लित्रों नावाच्या लाकडी मापावरून, म्हणजे आपल्याकडील मापट्यासारख्या वस्तूवरून, त्याला हे नाव पडले. वेगवेगळ्या आकारमानांत मिळणारा हा कप बशीसह विकला जाई आणि चहा वा कॉफी पिण्यासाठी वापरला जाई.

असा एक कप अनेक हातांतून जात असे.

सर्वप्रथम माती धुऊन, गाळून, मळून तयार केली जाई. चाकावर बसलेला कारागीर तिला ढोबळ आकार देई. ती अर्धवट सुकली की दुसरा कारागीर धारदार हत्याराने तासून भिंती पातळ करी. कपाचा कान प्लास्टरच्या साच्यात वेगळा तयार होई आणि पातळ केलेल्या त्याच मातीने तो कपाला चिकटवला जाई. कान आणि कप यांच्या ओलाव्यात थोडा जरी फरक राहिला तरी भट्टीत त्या जागी तडा जात असे.

पहिल्या, तुलनेने मंद भाजणीनंतर कप सच्छिद्र, खडूसारखा होई. मग त्याला झिलईच्या द्रावणात बुडवून दुसऱ्यांदा तीव्र आचेत भाजले जाई. या प्रवासात कप साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी आकसतो. म्हणजेच कारागिराला हवा असलेला कप न घडवता त्याहून मोठा, भट्टीतून बाहेर पडल्यावर हवा तेवढा उरेल असा कप घडवावा लागे. हे प्रमाण मातीच्या प्रत्येक घाण्यागणिक थोडे बदलत असल्याने केवळ पुस्तकी सूत्र पुरत नसे.

भट्ट्या लाकडावर चालत. तापमापकाची सोय नव्हती. ज्वालेचा रंग आणि भट्टीतून बाहेर काढून पाहिलेले नमुन्याचे तुकडे यांवरून आच पुरेशी झाली की नाही, हे भट्टीवाला ठरवी. त्याचा अंदाज चुकला तर अनेक कारागिरांची अनेक दिवसांची मेहनत एकाच वेळी मातीमोल होई.

त्यानंतर चित्रकारांची पाळी येई. येथेही कामाची काटेकोर वाटणी होती. फुले काढणारे वेगळे, पक्षी काढणारे वेगळे, माणसांची चित्रे रंगवणारे वेगळे. प्रत्येक रंग वेगवेगळ्या उष्णतेला पक्का होतो, म्हणून एकच कप पुन्हापुन्हा भट्टीत जाई. सर्वांत शेवटी सोने चढवले जाई. मुलामा देण्याची ही कृती कारखान्याने १७४८ मध्ये इप्पोलित नावाच्या एका बेनेडिक्टाइन साधूकडून मोबदला देऊन मिळवली होती. भट्टीतून आलेले सोने निस्तेज दिसते. अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने ते घोटले की झळाळी येते. घोटण्याचे हे काम मुख्यतः स्त्रिया करत.

कपाच्या तळाशी लिहिलेला इतिहास

जुन्या सेव्रचा कप उलटा करून पाहिल्यास तळाशी निळ्या रंगात एकमेकांत गुंतलेली दोन 'एल' अक्षरे दिसतात. ही लुई राजाची आद्याक्षरे. त्यांच्या सोबतीने उत्पादनाचे वर्ष दाखवणारे अक्षर असते. १७५३ साठी 'ए' पासून सुरुवात होऊन १७७७ मध्ये 'झेड' पर्यंत वर्णमाला संपली आणि १७७८ पासून दुहेरी अक्षरे आली. कठीण पोर्सिलेनवर या चिन्हाच्या माथ्यावर मुकुट रेखाटण्याची पद्धत होती.

याच जागी चित्रकाराची आणि सोनेकाम करणाऱ्याची स्वतंत्र खूण असे. कोणी आपले आद्याक्षर लिहीत, कोणी तारा, कोणी एखादे चिन्ह काढीत. व्हँसाँ नावाच्या एका मुलामागराची खूण तर '२०००' ही संख्या होती. त्याच्या नावाचा उच्चार फ्रेंचमध्ये 'वीस शंभर' या शब्दांसारखा होतो आणि वीस वेळा शंभर म्हणजे दोन हजार! राजाच्या चिन्हाशेजारी एका कामगाराने केलेली ही शाब्दिक गंमत सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

कारखान्याच्या विक्रीच्या आणि कामाच्या नोंदवह्याही मोठ्या प्रमाणावर जतन झाल्या आहेत. त्यामुळे अनेक कपांवर नेमके कोणी काम केले, हे अभ्यासकांना सांगता येते. मात्र माती मळणारे, भट्टीत लाकूड सारणारे, सोने घोटणाऱ्या स्त्रिया यांची खूण कपाच्या तळाशी रंगवलेली नसे.

हे कारागीर राजाचे नोकर होते आणि त्यांच्यावर कडक बंधनेही होती. परवानगीवाचून कारखाना सोडून जाण्यास त्यांना मनाई होती. पळून जाणाऱ्यास तुरुंगवास भोगावा लागे. अन्य कारखान्यांनी रंग आणि सोने वापरू नये यासाठी राजाज्ञा काढल्या जात. ज्या ज्ञानाभोवती फ्रान्सने आपल्याच देशात एवढी भिंत उभारली होती, त्या ज्ञानाचे धनी टिपू मागत होता. कप भेट देण्यात फ्रान्सचे काहीच जात नव्हते, उलट त्याचा लौकिक वाढत होता. कप घडवणारे हात देणे ही सर्वस्वी निराळी बाब होती.

वकील सेव्रमध्ये

पॅरिसच्या मुक्कामात टिपूच्या वकिलांना सेव्रचा कारखानाही दाखवण्यात आला. कारखान्याला लागूनच सँ-क्लूचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथील राजवाडा त्या वेळी राणी मारी आंत्वानेतच्या मालकीचा होता. शार्ल-एल्वा आस्लँ या सेव्रच्या चित्रकाराने या उद्यानात फेरफटका मारणाऱ्या वकिलांचे एक चित्र १७८८ मध्ये रंगवले. अंगरखे आणि पगड्या घातलेले भारतीय पाहुणे आणि त्यांच्या भोवती जमलेले नटलेथटलेले फ्रेंच स्त्री-पुरुष त्यात दिसतात. हे चित्र आज सेव्रच्या संग्रहालयात आहे.

म्हैसूरचे वकील पोर्सिलेनची विद्या मिळवण्याच्या आशेने कारखान्यात आले होते, तर कारखान्याच्या चित्रकाराला त्यांच्यात एक नवा, आकर्षक विषय सापडला. दोन्ही बाजू एकमेकांकडे पाहत होत्या, पण दोघांना हवे होते ते वेगळे.

ऑक्टोबर १७८८ मध्ये वकिलांनी ब्रेस्त बंदर सोडले आणि मे १७८९ मध्ये ते पाँडिचेरीला परतले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ जुलै रोजी, पॅरिसमध्ये बास्तिलचा तुरुंग लोकांनी काबीज केला. भेटी पाठवणारा राजा २१ जानेवारी १७९३ रोजी गिलोटिनवर गेला.

इकडे टिपूवरही संकट कोसळले होते. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगळुरूचा किल्ला घेतला. इंग्रजांच्या बाजूने निजामाबरोबरच हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही या युद्धात उतरल्या होत्या. १७९२ च्या तहाने टिपूला जवळपास निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. अशा अवस्थेत जो उद्योग उभारण्यास खुद्द फ्रान्सला राजाच्या पाठबळावर अर्धशतक लागले, तो म्हैसूरमध्ये उभा राहणे शक्य नव्हते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. टिपू लढताना मारला गेला आणि राजवाड्यातील ऐवज विजेत्यांनी वाटून घेतला. टिपूच्या अनेक वस्तू आज ब्रिटनमधील संग्रहांत आहेत.

भारतात हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सेव्रसह फ्रेंच पोर्सिलेनचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो. सोळाव्या लुईने टिपूला पाठवल्याचे सांगितल्या जाणाऱ्या हस्तिदंती खुर्च्याही तेथेच आहेत.

अस्सल की नक्कल?

जुन्या फ्रेंच कपांविषयी ज्यांना आस्था आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. गुंतलेली दोन 'एल' अक्षरे दिसली म्हणजे कप अठराव्या शतकातील सेव्रचा आहे, असे मुळीच नाही. जगात सर्वाधिक नक्कल झालेल्या खुणांपैकी ही एक आहे.

याचे एक कारण कारखान्याच्याच इतिहासात दडले आहे. राज्यक्रांतीनंतर कारखान्याची आर्थिक घडी विसकटली. सन १८०० मध्ये संचालकपदी आलेल्या अलेक्झांद्र ब्राँन्यार यांनी मृदू पोर्सिलेनचे उत्पादन बंद केले आणि न रंगवलेल्या जुन्या भांड्यांचा साठा विकून टाकला. खाजगी चित्रकारांनी ती कोरी भांडी विकत घेऊन जुन्या पद्धतीने रंगवली आणि ती 'जुने सेव्र' म्हणून बाजारात आली. अशा कपाची माती अस्सल असते, त्यावरचे चित्र मात्र नंतरचे. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील अनेक कारखान्यांनी सरळसरळ नकला तयार केल्या.

त्यामुळे जाणकार केवळ खुणेवर विसंबत नाहीत. वर्षाचे अक्षर आणि चित्रकाराची खूण परस्परांशी जुळते का, म्हणजे तो चित्रकार त्या वर्षी कारखान्यात होता का, हे ते तपासतात. रंगाची आणि चित्रशैलीची त्या काळाशी सांगड बसते का, हे पाहतात. मृदू पोर्सिलेनची झिलई मऊ असल्याने तिच्यावर वापराचे बारीक ओरखडे उमटतात. कठीण पोर्सिलेन अधिक पांढरे आणि थंड भासते.

भारतातील संग्राहकांना कायद्याचे भानही ठेवावे लागते. पुरावशेष आणि कलावस्तू यांविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू सर्वसाधारणपणे पुरावशेष ठरते. अशा वस्तूंचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

बंगळुरूत पोर्सिलेन आले, पण वेगळ्या वाटेने

टिपूच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी पोर्सिलेनचा उद्योग बंगळुरूत खरोखर उभा राहिला. त्यामागची प्रेरणा मात्र चहाचा कप ही नव्हती. शिवनसमुद्र येथील धबधब्यावर १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. विजेच्या तारा खांबांवर ताणायच्या तर खांब आणि तार यांच्यामध्ये वीज अडवणारा पदार्थ हवा. पोर्सिलेन या कामासाठी अत्यंत उपयुक्त ठरते. काचेसारख्या घट्ट रचनेमुळे ते पाणी शोषत नाही आणि वीजही वाहू देत नाही.

म्हैसूर संस्थानाने १९३० च्या दशकात बंगळुरूत सरकारी पोर्सिलेन कारखाना सुरू केला. मल्लेश्वरम परिसरात, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या शेजारी असलेला हा कारखाना पुढे १९७६ मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्स अर्थात 'भेल' या सार्वजनिक कंपनीकडे आला आणि उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांसाठी लागणारे पोर्सिलेनचे इन्सुलेटर ही त्याची ओळख बनली.

केओलिन, फेल्डस्पार आणि प्रखर आच हे सूत्र कपाला आणि इन्सुलेटरला सारखेच लागू पडते. फरक पडला तो या विद्येच्या स्वरूपात. टिपूच्या काळी ती मूठभर राजकारखान्यांत, बंदिस्त भिंतींआड, बापाकडून मुलाकडे जाणारी गोष्ट होती. विसाव्या शतकापर्यंत ती रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आणि महाविद्यालयांत पोहोचली होती. भट्टीचे तापमान उपकरणाने मोजता येत होते. मातीचे पृथक्करण प्रयोगशाळेत होत होते. कोणत्याही राजाकडे कारागिरांसाठी वकील पाठवण्याची गरज उरली नव्हती.

असे असले तरी हातांचे महत्त्व पूर्णतः संपलेले नाही. सेव्रचा कारखाना आजही फ्रेंच सरकारच्या मालकीचा असून चालू आहे. सन १८७६ मध्ये तो सँ-क्लूच्या उद्यानालगतच नव्या इमारतींत हलवण्यात आला. अठराव्या शतकातील अनेक आकार तेथे अजूनही हाताने घडवले जातात आणि नवशिक्यांना अनुभवी कारागिरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकावे लागते. आकसणाऱ्या मातीचा अंदाज, कपाचा कान जोडण्याची नेमकी वेळ आणि अकीकाचा दाब या गोष्टी तेथे आजही प्रत्यक्ष काम करतच शिकवल्या जातात.